डावा आरसा

आमच्या जुन्या मोटरसायकलीचा डावा आरसा रस्ता दाखवत नसे. त्यात बायकोचा चेहरा दिसे. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी तो जरा आत वळवला. पुढे गाडी कितीदा तरी सर्व्हिसिंगला गेली. दर वेळी गॅरेजवाला आरसा इमानदारीने सरळ करून द्यायचा आणि फाट्यापर्यंत येईतो मी तो पुन्हा आत वळवायचो. मागून ट्रक येतोय का ते उजव्या आरशात बघायचं आणि बायको रागावली आहे का ते डाव्यात. दोन्हीकडे लक्ष ठेवणं सारखंच गरजेचं होतं.

शेळगावातलं आमचं घर भरलेलं आहे. आबा म्हणजे माझे वडील, आई, थोरला भाऊ, वहिनी, त्यांची पोरं, आमची मुलगी, शिवाय चहाच्या वेळेला हमखास टपकणारं कोणी ना कोणी. स्वयंपाकघरात वहिनी, ओसरीवर आबा, न्हाणीच्या तोंडाशी आई. अशा घरात नवराबायकोनं बोलायचं कुठं? आमच्या खोलीला दार आहे, पण भिंत पत्र्यापर्यंत गेलेली नाही. वरच्या फटीतून पलीकडचा खोकला इकडे ऐकू येतो, म्हणजे इकडची कुजबुज तिकडे जात असणारच. त्यामुळे आमच्या संसारात जे काही बोलणं झालं, ते बारामतीच्या रस्त्यावर झालं.

मी बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. बाजाराच्या दिवशी कंपनीला सुट्टी असते. बायको घरी ब्लाउज शिवते, तिला अस्तर, हूक, रिळं आणायला त्याच दिवशी बारामतीला जायचं असे. ती एका अंगाला पाय सोडून बसायची, हात माझ्या खांद्यावर, तोंड माझ्या डाव्या कानाशी. फाटा सुटला की बोलणं सुरू. अंथुर्ण्यापर्यंत गावातलं, मग घरातलं, आणि लासुर्णे मागं पडलं की आमच्या दोघांचं. हा क्रम कोणी ठरवला नव्हता, पण तो कधी मोडला नाही. काटा चाळीसच्या पुढे गेला की तिची बोटं खांद्यात रुतायची, मी मुकाट्याने मुठीचा पीळ सैल करायचो.

मुलीला कुठल्या शाळेत घालायचं ते लासुर्ण्याच्या पुढे ठरलं. पायाचं मशीन काढून मोटरचं घ्यायचं, तेही तिथंच. एकदा माझ्या बहिणीवरून आमचं कडाक्याचं वाजलं, तर सणसरपासून काटेवाडीपर्यंत आरशात नुसतं तिचं कपाळ दिसत होतं. बारामतीत शिरता शिरता कपाळाखाली डोळे आले आणि ती म्हणाली, "चहा पाजणार का न्हाय?" मिटलं. समोरासमोर उभं राहून आम्ही आयुष्यात एकही गोष्ट ठरवली नाही. एकमेकांकडे बघत बोलायची आम्हांला सवयच नव्हती. आरशात बघत जमायचं.

मग रस्ता चौपदरी झाला. मधे दुभाजक, कडेला पांढरे पट्टे, गावागावाशी पूल. एवढा रस्ता पुढ्यात पसरलेला आणि मी कडेकडेने चाळीसने चाललोय. उसाची ट्रॉली ओढणारे ट्रॅक्टरसुद्धा मला हॉर्न द्यायला लागले. कंपनीतली तरणी पोरं म्हणायची, "दादा, रस्ता सुधारला, तुमी कधी सुधारणार?" मी हसायचो, पण लागायचं. चाळिशीला आलेल्या माणसाला काय काय लागतं, त्याचा नेम नाही. जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर चारशे सीसीच्या गाड्यांचे व्हिडिओ बघायला लागलो.

बायकोला मी हे त्याच गाडीवर सांगितलं. ती म्हणाली, "तुमाला पायजे तर घ्या. मागं बसायला नीट हाय का, तेवढं बघा."

"हाय की," मी म्हणालो.

मी बघितलं नव्हतं. नंतरही बघितलं नाही. आमच्याकडे म्हैस घ्यायची तर माणसं दात बघतात, सड बघतात, चालवून बघतात, दोन वेळची धार काढल्याशिवाय दावं हातात घेत नाहीत. गाडी घेताना मी पुढे बसलो, सेल्समन मागे बसला, आणि आम्ही बारामतीबाहेर एक चक्कर मारून आलो. "सर, पिकअप बघा," तो म्हणाला. मी पिकअप बघितला. ज्या जागेवर तो बसला होता, ती जागा कुणासाठी आहे हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये द्यायच्या दिवशी आबा बरोबर आले, बायकोही आली. आबांनी तरुणपणी मेंढरं राखली आहेत. घरातून जनावर जाताना काय करायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. शोरूमच्या चकचकीत फरशीवर त्यांनी जुन्या गाडीच्या हेडलाइटला हळदकुंकू लावलं, फडक्यातून भाकरीचा तुकडा काढून सीटवर ठेवला. सेल्समन हाताची घडी घालून अदबीने उभा. मी इकडेतिकडे बघत होतो.

"आता दावं काढून घे," आबा म्हणाले.

जनावर दिलं तरी दावं द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दावं गेलं तर गोठा ओस पडतो म्हणतात. मी म्हणालो, "आबा, मोटरसायकलीला कुठलं दावं?"

आबांनी गाडीला एक फेरी घातली. मग डाव्या आरशावर बोट ठेवलं. "ह्यो काढून घे. तसाबी रस्त्याच्या कामाचा न्हाय."

माझे कान तापले. एवढी वर्षं म्हातारा ओसरीवर बसून सगळं बघत होता तर! बायको पदर तोंडाला लावून भिंतीवरची हेल्मेटं मोजल्यासारखी बघत राहिली. मेकॅनिकने पाना लावून आरसा काढला आणि आबांनी तो भाकरीच्या फडक्यात गुंडाळला. मला तेव्हा त्या सगळ्याचं हसूच येत होतं.

नवी गाडी देखणी आहे, हे आजही म्हणेन. सकाळी चालू केली की छाती फुगते, खोटं कशाला बोलू? पण तिची सीट दोन तुकड्यांत. मागचा तुकडा उंचावर, पाटाएवढा, पुढे उतार असलेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी बायको एका अंगाला बसली ती घसरतच माझ्या पाठीवर आली.

"धरू कशाला?"

"मला धर."

तिने दोन्ही हातांनी माझा पट्टा धरला. दोघांच्या डोक्यावर नवी हेल्मेटं. या गाडीला चाळीस मानवत नाही. वरच्या गियरमध्ये ती आचके देते, खालच्यात बोंबलते, मांड्यांना धग लागते ती वेगळीच. तिला पळवावंच लागतं. अंथुर्णे कधी आलं नि कधी गेलं कळलं नाही. गावातलं झालं नाही, घरातलं झालं नाही. लासुर्णे ओलांडलं आणि मागून तिचा आवाज आला.

"काय?" मी ओरडलो.

ती पुन्हा काहीतरी म्हणाली. वारा आणि इंजिन. मी पुन्हा "काय?" म्हणून ओरडलो. मी सवयीने डाव्या आरशात बघितलं, तर त्यात रस्ता. स्वच्छ, लांबलचक, चौपदरी रस्ता. माझ्या पट्ट्यावरची पकड जरा ढिली झाली आणि ती मोठ्याने, अगदी कानाशी येऊन म्हणाली, "काय न्हाय!"

बारामतीत तिला गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि मी मित्रांना गाडी दाखवायला गेलो.

त्यानंतर ती एसटीने जायला लागली. पाठ दुखते म्हणाली, वहिनीची सोबतही होते म्हणाली. मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. सुट्टीच्या दिवशी मी उलट्या दिशेने इंदापूरला जायचो, हायवेला लागायचो आणि भिगवणपर्यंत गाडी सोडायचो. तिथं चहा प्यायचा आणि परत यायचं. बोलायला कोणी नव्हतं, पण काही दिवस ते जाणवलं नाही. मग जाणवायला लागलं. घरी यायचो तेव्हा गाडीची कौतुकं करणारे खूप असायचे, बायको मात्र जेवायला वाढताना भाजी हवी का एवढंच विचारायची. कधी नव्हे ते आम्ही परक्यासारखे नीट वागायला लागलो होतो.

उन्हाळ्यात लग्नसराईची कामं साठली, तिला उठता येईना, म्हणून हूक आणि अस्तर आणायला मी एकटाच बारामतीला गेलो. तिच्या नेहमीच्या दुकानातल्या बाई मला ओळखायच्या. दुकानाचे त्यांनी मधोमध दोन भाग केलेले दिसले. एका बाजूला मशीन टाकून कोणी बाई ब्लाउज शिवत बसली होती.

"तुमी नको म्हणालात म्हणून हिला बसवली," बाई अस्तर फाडता फाडता म्हणाल्या. "न्हायतर तुमच्या बाईचा हात काय सफाईचा हाय! मी किती मागं लागले, अर्धं दुकान घ्या, मशीन हितंच टाका. म्हणाल्या, घरी विचारून पुढच्या बाजाराला सांगते. आल्या त्या नव्या गाडीवरनं, नि म्हणाल्या, जमत न्हाय."

मी पिशवी घेतली. मी नको म्हणालो नव्हतो. मी फक्त "काय?" म्हणालो होतो.

ती घरी पुन्हा विचारू शकली असती, असं कोणी म्हणेल. पण आबा, आई, भाऊ, वहिनी यांच्या देखत, भाजीचं पातेलं हातात घेऊन अशी गोष्ट निघत नाही. त्याला आधी गावातलं बोलावं लागतं, मग घरातलं, मग लासुर्णे यावं लागतं. ती जागा मीच विकून आलो होतो. येताना मुद्दाम चाळीसने आलो. गाडी आचके देत राहिली. निघण्याआधी शोरूममध्ये डोकावलो होतो, जुनी गाडी सुप्याकडच्या कोणी नेली असं तिथं कळलं. तिला त्यांनी नवा डावा आरसा बसवला असेल, मागचं दाखवणारा.

घरी आलो तर ती खोलीत दाराकडे पाठ करून शिवत होती. आबांनी गोठ्यात खिळ्याला अडकवलेला आमचा आरसा तिने त्यांच्याकडून मागून घेतला होता, कोण आत आलं ते कळावं म्हणून मशीनच्या वर भिंतीला लावला होता. तो तिथं आहे हे मला ठाऊक होतं, पण मी कधी तिच्या मागे बसलो नव्हतो. त्या दिवशी कॉटवर बसलो. आरशात तिचा चेहरा आला. किती बारीक झाली होती, केस कानाशी पांढरे झाले होते.

"दुकानाचं मला सांगितलं न्हाईस," मी म्हणालो.

मशीन थांबलं. आरशातून तिने माझ्याकडे बघितलं.

"सांगत हुते की. ऐकू कुठं गेलं तुमाला?"

"परत सांगायचं ना."

"कुठं सांगू?" ती म्हणाली. "तुमीच सांगा, कुठं सांगू?"

तिचे डोळे भरले होते. ती आणखी काहीतरी बोलणार होती, ओठ हललेही, आणि मी पुढे वाकलो. तेवढ्यात चहा घेऊन वहिनी आत आल्या.

"काय चाललंय?" त्यांनी सहज विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली आणि मशीन चालू केलं. हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.