आपांना शहाण्णव गुण

सांगायला लाज वाटते, पण चहा उकळेपर्यंत सांगूनच टाकतो. उदगीरच्या एका भल्या बाईला मी असं काही अडचणीत आणलं होतं, की आजही आठवलं तरी कान तापतात!

बावीस वर्षं मी लातुरात कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवलं. मग घसा बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले, शिकवणं बंद. आता मास्तरानं करायचं काय? ओळखीच्या नलिनीताई भूकंपापासून गरिबांसाठी साधी, पक्की घरं बांधायचं काम करत होत्या. म्हणाल्या, "आमच्या संस्थेत या. उदगीरला माणूस हवाच आहे."

गेलो. आणि खरं सांगतो, जीव रमला. दोनशे पोरांसमोर ओरडून जे समाधान मिळालं नव्हतं, ते एका घराचा पाया भरताना मिळायचं.

माझं काम पाहणीचं. घरोघरी जायचं आणि गुण द्यायचे. पडक्या भिंतीला इतके, गळक्या छपराला इतके. घर जितकं वाईट तितके गुण जास्त, आणि ज्याला गुण जास्त त्याचं घर आधी.

जुबेदा आपांना पडले शंभरपैकी शहाण्णव! गाद्या-रजया शिवून एकटीनं लेक वाढवलेली बाई. भूकंपात फाटलेली भिंत इतकी वर्षं लाकडाचा टेकू लावून उभी ठेवलेली. लेक शाहीन पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. त्याआधी घर व्हावं, एवढंच आपांचं मागणं.

आता मला सांगा, कोचिंगवाल्याला शहाण्णव गुण दिसले की तो काय करतो?

फ्लेक्स लावतो!

अहो, सवयच ती! भर चौकात, दहा बाय आठचा. आपांचा अर्जावरचा फोटो मोठा केलेला, वर छापील हार. 'हार्दिक अभिनंदन! ९६ गुण! प्रथम क्रमांक!' आणि बाजूला विषयवार गुण. भिंत, छप्पर, संडास. संडासात वीसपैकी वीस! म्हणजे संडासच नव्हता.

सकाळी हॉटेलवाला विचारतो, "सर, आपा कोणच्या परीक्षेला बसल्या व्हत्या?" एक बाई पोरीला घेऊन आल्या, "हिला बी याच क्लासात घालायचं हाय." पुढे गल्लीत बघतो तर दुसऱ्या क्रमांकाचे ज्ञानोबा छपरावर!

"अहो, हे काय करताय?"

"दोन गुणांनी मागं पडलो न्हवं सर! दोन पत्रे काढलेत. आता परत मोजा!"

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. दुपारी आपा ऑफिसात आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "सर, माझं नाव काढा यादीतून."

"पण आपा, पहिला नंबर आहे तुमचा!"

"कशात पहिला? उद्या बाजार हाय. लेकीच्या सासरची माणसं येतात बाजाराला. त्यांनी वाचलं म्हंजी? असल्या घरात सुनेला धाडत न्हाई म्हणतील. ती भिंत मी रजया टांगून झाकून ठिवली सर. तुमी चौकात मांडली!"

त्या निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिडी आणली, स्वतः चढलो, दोनदा घसरलो, पण फ्लेक्स उतरवला. संध्याकाळी कोरा अर्ज घेऊन आपांच्या दारात.

"चुकलो, आपा."

"बसा. आता मी इचारते. घरी कोण हाय?"

"कुणी नाही. बायको गेली. मुलगा बंगळुरूला."

"जेवता कुणासंगट?"

"टीव्हीसोबत."

"शेजाऱ्याचं नाव?"

मला त्याच्या फ्लॅटचा नंबर माहीत होता, नाव नव्हतं.

"आजारी पडलात तर पाणी कोण देतंय?"

मी हातातला कोरा अर्ज उलटसुलट करू लागलो.

आपांनी बोटं मोजली. "सर, पक्कं घर असून अठ्ठ्याण्णव! माझ्यावर दोन!"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "आपा, रिचेकिंग मिळेल का?"

आपा खळखळून हसल्या. "मिळंल की. दर शुक्रवारी. जेवाया यायचं." आणि अर्ज ओढून सही केली.

घर वेळेत झालं. शाहीन आली, तिच्या मुलीची पहिली आंघोळ त्या घरात झाली. ती चिमुरडी आता मला नाना, म्हणजे आजोबा, म्हणते. मी एकही शुक्रवार चुकवलेला नाही आणि आपा दर वेळी ताट वाढण्याआधी बोटं मोजतात.

परवा चाळिसावर आलो! इतका आनंद झाला, की सगळ्या गल्लीत पेढे वाटले. गुण घसरले म्हणून पेढे वाटणारा लातूरचा पहिला मास्तर मीच असेन!