महालक्ष्मीचं लुगडं आणि ऑलिव्हचं तेल

बार्शीटाकळीत महालक्ष्म्यांना लुगडं नेसवावं ते कौशल्याबाईंनीच. निऱ्या अशा पडायच्या की शेजारणी तोंडावर नाकं मुरडायच्या आणि घरी जाऊन तशाच घालायला बघायच्या. जीभ तिखट, हात सढळ. नवरा चंद्रभान गावाला दम देईल, पण बायकोपुढं आवाज खालचा. अशी ही बाई यंदा आषाढापासून आतून हादरलेली होती आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

पाळी जाऊन वर्षं लोटली होती, आणि आता पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं होतं. धाकटी बहीण रुख्मिणी गर्भपिशवीच्या कॅन्सरनं गेली, तिचंही असंच सुरू झालं होतं.

अमरावतीला राजापेठेत शिकवणी घेणारी लेक आचल, मावशी गेल्यापासून या रोगाबद्दल दिसेल ते वाचायची. ऑलिव्हचं तेल खाणाऱ्या बायकांत हा रोग कमी दिसतो, असं वाचून तिनं एक बाटली आणून दिली होती. "आई, नक्की नाही अजून. पण तेल चांगलं आहे, खात जाय."

त्यातलं 'नक्की नाही' तेवढं कौशल्याबाईंनी सोडून दिलं. करडीच्या तेलाशिवाय ज्यांना ठेचा गोड लागत नसे, त्या आता भाकरीवर, वरणावर तेच परदेशी तेल घेऊ लागल्या.

"थे त लेकराईच्या मालिशचं तेल आहे ना?" चंद्रभान हसला. "तू पोटातून मालिश करून राहिली का?"

त्या हसल्या नाहीत. बाटली तळाला गेली तरी रक्त थांबलं नाही, उलट वाढलं.

माणसांपासून लपवणं सोपं होतं. पण विटाळात देवाला शिवायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. गुडघ्यांचं निमित्त सांगून त्यांनी देवाचा दिवा चंद्रभानवर सोपवला.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या, आचलही सणाला घरी आली. बायका जमल्या, मुखवटे पुसून झाले आणि कौशल्याबाई दारातच बसून राहिल्या.

"गुडघे धरले. यंदा आचल नेसवते."

आचलला निऱ्या जमेनात. "आई, ये न जरा!"

"नाई म्हटलं न!"

आवाज इतका चिरका निघाला की आचलनं वळून पाहिलं. गुडघे धरलेली आई चक्क मांडी घालून बसली होती. लेकीनं लुगडं खाली ठेवलं आणि आईला हाताला धरून न्हाणीपाशी नेलं.

"दिवा बाबा लावून राहिले. तू देवाले काहून शिवत नाही?"

कौशल्याबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "देवीजवळ खोटं कसं बोलू वं? आषाढापासून जाते अंगावरून. तेल त रोज घेतलं. तूच म्हटलं होतं."

आचलला रडूच फुटलं. बाटली तिनंच आपल्या हातानं दिली होती. "आई, तेल म्हणजे खाणं! याले दवाखाना लागते!"

"रुखमा गेली दवाखान्यात. आली का वापस?"

"मावशी उशिरा गेली, म्हणून!"

मागं चंद्रभान उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "गाडी काढतो. अकोल्याले जाऊ."

"अन् महालक्ष्म्या?"

"बसू दे त्याईले. तू चाल."

अकोल्यात पिशवीतला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं निकाल आला. रोग निघाला, पण पिशवीच्या आतच होता. ऑपरेशन झालं. "तेल खुशाल खा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण ते यावरचं औषध नाही. पाळी गेल्यावर थेंब जरी दिसला तरी लगेच यायचं. आणखी थांबला असतात, तर 'बऱ्या व्हाल' असं मला सांगता आलं नसतं."

पुढच्या भाद्रपदात निऱ्या पुन्हा कौशल्याबाईंच्याच हातात होत्या. बायका कौतुक करत होत्या. शेजारची गंगूबाई मात्र आत येईना.

"ये न वं, कुंकू लाव."

"नको. गुडघे धरले यंदा," दारात मांडी घालून बसलेली गंगूबाई म्हणाली.

कौशल्याबाईंच्या हातून निरी सुटली. लुगडं तसंच टाकून त्या उठल्या आणि चंद्रभानला हाक मारली, "अहो, गाडी काढा."