पंचनाम्यातली आंबील

ती घटना विसरतो म्हटलं तरी विसरता येत नाही. गुन्ह्याकडे पाहण्याची माझी दृष्टी तिने कायमची बदलली. गुन्हा मात्र घडलेला नव्हता.

निलंगा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. भूकंपाला बरीच वर्षं झाली होती आणि लातूर आता क्लासेसचं शहर म्हणून ओळखलं जात होतं. वेळ अमावस्येच्या सकाळी खबऱ्या आला. रस्त्यालगतच्या गॅरेजमागे धूर निघतो, गूळ आत जातो, बाहेर काहीच येत नाही आणि वास आंबट येतो. आमच्या खात्यात याचा एकच अर्थ होतो, हातभट्टी.

दारू वासावरून ओळखणारे म्हणून आमच्या एका जुन्या हवालदारांचा लौकिक होता. तो त्यांनीच पसरवला होता. त्यांना साध्या वेशात पाहणीसाठी पुढे पाठवलं. वेळ अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवतं. ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबट आंबील माठात भरलेली असते आणि ती कुणीही प्यावी. गॅरेजमागे फडकं बांधलेला माठ आणि शेजारी तांब्या दिसला. हवालदारांनी प्रथेप्रमाणे तांब्या भरून घेतला.

आम्ही पोचलो तेव्हा ते बांधावर बसले होते. "साहेब, आंबील लई आंबलीय."

माठाजवळ गॅरेजवाल्या चाचांची मुलगी उभी होती. लातूरच्या एका क्लासमध्ये ती रसायनशास्त्र शिकवायची. मी चौकशीच्या आवाजात विचारलं, "हे कोण पितं?"

"जंतू," ती म्हणाली. "आज हवालदारकाकांनीपण घेतलं."

"काय हाय त्यात?" हवालदारांनी विचारलं.

"गूळ, ताक, शेण आणि इथलीच माती."

हवालदार उठून बाभळीमागे गेले.

पंच म्हणून शेजारच्या शेतातून अप्पांना बोलावलं. ते आले, पण चाचांकडे बघेनात. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. भूकंपानंतर मदतीचे ट्रक चाचांनी फुकट दुरुस्त केले आणि जळकं ऑईल मागे ओतलं. पुढे तीच सवय पडली. पावसात ते तेल अप्पांच्या शेतात उतरलं आणि बांधालगतची ज्वारी उगवेना. पूर्वी वेळ अमावस्येला चाचांचं घर अप्पांकडेच जेवायचं. ते आमंत्रण बंद झालं होतं.

नमुना सीलबंद करून उरलेला माल जागेवर ओतायचा, ही आमची पद्धत. शिपायाने माठाला हात घातला तशी चाचांची मुलगी आडवी आली.

"ओतू नका साहेब. तेलकट मातीतसुद्धा काही जंतू जगतात, ते तेल खातात. ते मी यात वाढवायले. तुरीच्या काड्या, तुराट्या, कमी हवेत जाळून कोळसा केला, त्याच्या बारीक भोकांत हे मुरवायचं आणि मातीत कालवायचं. जंतूंना राहायला घर होतं."

"मग चोरून कशाला?"

"जमलं नसतं तर गाव हसलं असतं. पोरांना शिकवते अन् बापाची जागा साफ होईना म्हणून."

तिने अप्पांपुढे मातीच्या दोन मुठी धरल्या. पहिली, तेलकट मातीची, हुंगून त्यांनी नाक मुरडलं. दुसरी, सहा-सात महिन्यांपूर्वी कोळसा कालवलेली, त्यांनी हातात घेतली, चुरली, पुन्हा हुंगली. त्या जागेत हरळीचे चार कोंब आले होते. ते त्यांनी वाकून पाहिले.

"माझ्या बांधालापण करशील का हे?"

"त्याच्यासाठीच तर चाललंय, अप्पा."

अप्पांनी हात झटकले. "साहेब, सही कुठं करायची ते सांगा लवकर. तिकडं पानातली भज्जी निवायली." मग चाचांकडे न बघताच म्हणाले, "मिस्त्री, तुला आता पत्रिका छापू का? चल."

चाचांनी हात पुसायला फडकं शोधलं आणि ते बराच वेळ सापडेना.

माणूस काही लपवतो तेव्हा आत गुन्हाच असतो असं मी धरून चालत असे. बहुतेक वेळा तिथे फक्त लाज असते, हे मला त्या दिवशी कळलं. माठ तसाच राहिला. अप्पांच्या शेतातल्या कडब्याच्या कोपीत आम्हीही जेवलो. हवालदारांनी आंबील घेतली नाही.

सीलबंद नमुन्याचा अहवाल पुढच्या वर्षी आला. तोवर बांधालगत ज्वारी गुडघाभर झाली होती. नमुना मानवी सेवनास अयोग्य, असं अहवालात म्हटलं होतं.