भीतीचं गाऱ्हाणं

कोकणात कुणी जरा विचित्र वागलं की म्हणतात, "ह्याला रत्नागिरीला न्या." आमच्या शहरात मनोरुग्णालय आहे आणि ते बरंच जुनं आहे, म्हणून ही ख्याती. मुंबईच्या पाहुण्यांनी हा विनोद इतक्या वेळा केलाय की हल्ली त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच हसून घेतो. पण माझी अडचण वेगळी होती. मी मुळात रत्नागिरीचाच. हातखंब्याच्या अलीकडे आमची वाडी, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नोकरी. मला न्यायची वेळ आली तर न्यायचं कुठे?

दादा गेला आणि हे सगळं सुरू झालं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो बोटीवर इंजिनात कामाला होता. वर्षातला बराचसा काळ पाण्यावर, आणि तो पाण्यावर असला की आईचा जीव टांगणीला. वादळाची बातमी कुठलीही असो, ओमानची असो नाहीतर ओडिशाची, ती देवापुढे दिवा लावून बसायची. समुद्रानं त्याला काही केलं नाही. तो गेला घरी, सुट्टीवर आलेला असताना, पडवीतल्या खुर्चीत, चहाची वाट बघता बघता. वहिनी चहा घेऊन आली आणि त्याला तीनदा हाक मारली. नंतर तिनं तो कप कठड्यावर ठेवला आणि मग ओरडली. आधी कप ठेवला, हे तिलाच नंतर फार लागलं.

त्याआधी दोन दिवस त्याच्या छातीत दुखत होतं. हे त्यानं फक्त आईला सांगितलं, तेही "जरा गॅस धरलाय" अशा शब्दांत. वहिनीला मुद्दाम सांगितलं नाही, कारण तिनं त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं असतं आणि त्याची सुट्टी वाया गेली असती. आईनं ओवा दिला, वर गरम पाणी दिलं. तेव्हापासून आमच्या घरात ओवा येत नाही. तसं कुणी ठरवलं नाही. तेराव्यानंतर आईनं बरणी रिकामी केली, धुतली, उन्हात पालथी घातली आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

मी बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मच्छीमारांच्या होड्यांना लागतो तो बर्फ. दादा जाऊन काही महिने झाले असतील. एका सकाळी लाद्या ट्रकात चढत होत्या आणि मी बाजूला उभा होतो. एकाएकी छातीत धडधडायला लागलं. हात बधिर, तोंडाला कोरड, आणि अंगाला दरदरून घाम. आता आपण चाललो, अशी माझी खात्रीच झाली. ट्रकवाला म्हणाला, "साहेब, बर्फात उभे राहून घाम फुटलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय." मरता मरता शेवटचं वाक्य हे ऐकायचं, याचाही मला राग आला.

मेलो नाही. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. मला वाटलं, मशीन बिघडलेलं असणार. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं, पुन्हा ईसीजी. मग दुसऱ्या दवाखान्यात, मग परत पहिल्या. तिथली मुलगी मला बघितलं की नाव विचारायची नाही. "आलात? शर्ट काढा," म्हणायची. बायको म्हणाली, "अहो, एवढं तर आपण पोरीचं लग्न जमवताना मुलगा पारखला नव्हता." शेवटी डॉक्टरांनी कागद बाजूला सारला आणि सांगितलं की हृदय उत्तम आहे, आजार भीतीचा आहे, आणि त्याचे डॉक्टर वेगळे असतात. माणसाला हृदय उत्तम असल्याचं दुःख व्हावं, तसं मला झालं. हृदयविकार सांगता येतो. लोक केळी, सफरचंद घेऊन भेटायला येतात. भीतीला काय घेऊन येणार?

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय झालाय रे तुला? तोंड असा का उतरलाय?"

माझ्या तोंडून निघालं, "काय नाय. गॅस."

आईचा हात सवयीनं ओव्याच्या फळीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग तिनं उगाच मिठाची बरणी पुढेमागे केली. तो शब्द परत घ्यायची काही सोय असती तर मी घेतला असता. पण पुढचे कित्येक महिने मी तेच सांगत राहिलो, कारण दुसरं काय सांगायचं ते मला येत नव्हतं.

मनाच्या डॉक्टरांचा दवाखाना रत्नागिरीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. त्याच मजल्यावर समोर दातांचा दवाखाना. ही सोय कुणी केली असेल त्याचं भलं होवो. जिना चढणारा प्रत्येक जण एक हात गालावर ठेवून चढतो. पहिल्याच दिवशी बाकावर आमच्या वाडीतले एक काका भेटले. मी गालावर हात ठेवून म्हटलं, "दात." तेही लगेच गालावर हात ठेवून म्हणाले, "माझी पण दाढ ठणकते रे." काकांच्या तोंडात गेली कित्येक वर्षं पूर्ण कवळी आहे. आम्ही दोघं गाल धरून बराच वेळ बसलो. मग आतून त्यांचं नाव पुकारलं, मनाच्या बाजूनं. काका उठले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बघून येतो काय म्हणतात दाढेचा," आणि आत गेले.

डॉक्टर बाई वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊ गेल्यावर रडलात?" मी म्हटलं, "वेळ झाला नाही." मी विनोद करत नव्हतो. बोटीच्या कंपनीशी बोलणं, वहिनीची कागदपत्रं, आईचं औषध, पुतण्याचं कॉलेज, वर्षश्राद्धापर्यंतचे सगळे विधी, हे सगळं मी केलं. रडणं कुणाच्या वाट्याला आलं ते मी बघितलंच नाही. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एक छोटीशी गोळी लिहून दिली, श्वासाचा व्यायाम शिकवला आणि सांगितलं, "घरात बोला." गोळी घेणं सोपं होतं.

बायकोला मी सांगितलं. ती म्हणाली, "मला काय वाटलं, काय निघतंय आणि काय नाही. एवढंच ना?" आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी चहाबरोबर गोळी पुढे करायला लागली, आईला दिसणार नाही अशी, बशीखाली. तिचं म्हणणं होतं की आईंना आणि वहिनींनाही सांगून टाकावं. मी म्हणायचो, शिमगा होऊन जाऊ दे. खरं तर शिमगाच मला नको होता.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. पालखी अंगणात नाचवतात, मग घरात पाटावर ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. म्हणजे घरातलं जे काही दुखतं-खुपतं ते देवाला मोठ्यानं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या वाडीनं "होय महाराजा" म्हणायचं. पुष्कळ ठिकाणी हे काम गुरवाचं असतं. आमच्या वाडीत गुरव फक्त सुरुवात करून देतो, पुढचं घरातल्या मोठ्या पुरुषानं स्वतःच्या तोंडानं बोलायचं. होकार द्यायचा तोही पुरुषांनीच. बायका मागे, माजघराच्या दारात. दादाचा आवाज असा होता की तो गाऱ्हाणं घालायला लागला की तिसऱ्या घरातली माणसं तिथूनच होकार देत. तो बोटीवर असेल त्या वर्षी आधीपासून बजावून ठेवायचा, "नीट बोल. पुटपुटू नको. देव काय तुझ्या ऑफिसातला नाही." गेल्या शिमग्याला आमचं सुतकाचं वर्ष चालू होतं, पालखी बांधावरून पुढे गेली. या वर्षी येणार होती, आणि घरातला मोठा पुरुष आता मी होतो.

पंधरा-वीस माणसांसमोर उभं राहायचं आणि मोठ्यानं बोलायचं, एवढ्या नुसत्या विचारानं माझे हात बधिर व्हायला लागले. तिथे धडधडायला लागलं, पडलो, तर आई ते बघणार. एका मुलाला पडवीत बघितलं, दुसऱ्याला देवासमोर. मी गुरवाला गाठून आवाज बसल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "आवाज तर बरा हाय तुजा." मग म्हणाला, "नसेल जमत तर मी घालतो, पन आईला बरा वाटायचा नाय." ते मलाही माहीत होतं.

वहिनीचं काय चाललं होतं ते मला खरंच कळत नव्हतं. ती दिवसभर काम करायची. कशी आहेस विचारलं की "बरी आहे" म्हणायची. वर्षभर ती घरात एक वाक्य वावगं बोलली नव्हती. पाहुणे कौतुक करायचे, किती सावरली म्हणून. मीही करायचो. दादाचं नाव निघालं की ती उठून आत जायची, आणि आम्हाला वाटायचं की बिचारीला दुःख आवरत नाही.

पालखी आली ती भर दुपारी. ढोल, ताशे, अंगणात धूळ, पोरांचा आरडाओरडा. आईनं ओवाळलं. पालखी पाटावर विसावली, ढोल थांबला आणि गुरवानं माझ्या हातात नारळ दिला. घर भरलं होतं. पुढच्याच रांगेत कवळीवाले काका.

गुरवानं सुरुवात करून दिली आणि मी पुढे बोलायला लागलो. "हे महाराजा, आज ही जी लेकरं तुझ्या पायाशी उभी आहेत, त्यांची सेवा गोड मानून घे महाराजा."

"होय महाराजा!"

"मुंबईला गेलेल्यांवर, पाण्यावर गेलेल्यांवर लक्ष ठेव महाराजा."

"होय महाराजा!"

पाण्यावर म्हटलं आणि झालं. धडधड सुरू झाली, जीभ टाळ्याला चिकटली, हातातला नारळ ओला झाला. मी थांबलो. सगळे बघत होते. आई माजघराच्या दारातून दोन पावलं पुढे आली आणि तिनं विचारलं, "काय होताय रे?"

गॅस, हा शब्द अगदी तोंडाशी आला होता. आईचा चेहरा बघितला आणि तो मला म्हणवेना. मला एकदम फार कंटाळा आला. भीतीपेक्षाही लपवण्याचा कंटाळा. गाल धरून जिने चढण्याचा, बशीखालच्या गोळीचा. मी पालखीकडे तोंड केलं आणि म्हणालो, "मला भीती वाटते महाराजा."

वाक्य 'महाराजा'वर संपलं होतं, त्यामुळे वाडीनं सवयीनं ठणकावून होकार दिला, "होय महाराजा!" आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की आपण कशाला होकार दिला. पाठीमागे कुणीतरी फिसकन हसलं. मलाही हसू आलं, आणि हसू आल्यामुळे श्वास आला.

"दादा गेल्यापासून वाटतं की मी पण असाच जाणार. ईसीजी काढून काढून माझ्या छातीवर केस राहिले नाहीत महाराजा."

"होय महाराजा!"

"डोक्याच्या डॉक्टरकडे जातो. गोळी घेतो. आईला गॅस म्हणून सांगत होतो. आता सांगणार नाही. ती गोळी लागू पडू दे महाराजा."

"होय महाराजा!" यात काकांचा आवाज सगळ्यात मोठा होता. ते पुढे स्वतःहून म्हणाले, "आणि दाताच्या नावाखाली जे जे कोन जातत, त्यांची पन लागू पडू दे महाराजा," आणि सगळं घर हसलं. काकांच्या सुनेनं कपाळावर हात मारून घेतला.

धडधड थांबली नव्हती. ती चालूच होती, फक्त आता ती सगळ्यांना माहीत होती. मी दमलो होतो. आता नारळ गुरवाकडे द्यावा आणि संपवावं म्हणून वाकलो, तेवढ्यात मागून वहिनीचा आवाज आला.

"भावजी, माझा पण एक घाला."

सगळे वळले. ती दारातच उभी होती. मी म्हटलं, "सांग ना वहिनी. झोपेचं सांगू? तब्येतीचं?"

"मला त्यांचा राग येतो," वहिनी म्हणाली. "ते सांगा. दोन दिवस दुखत होता, सगळा घर फिरत होते, माझ्या हातचा जेवत होते, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. लोक म्हणतात रड. मला रडायला येत नाय. मला भांडायचाय त्यांच्याशी, आणि ते नाहीत."

असल्या वाक्याला होकार द्यायचा की नाही, ते वाडीतल्या पुरुषांना माहीत नव्हतं. गेलेल्या माणसावरचा राग देवासमोर कुणी काढला नव्हता. गुरव खाली बघत राहिला. मी 'महाराजा' म्हणून ते वाक्य पुरं करायला हवं होतं, पण मी आईकडे बघत होतो. आणि ते दोन दिवस ज्या बाईला माहीत होते ती वहिनीच्या शेजारीच उभी होती.

आईनं वहिनीचा हात धरला आणि पालखीकडे बघून, जे म्हणायचा बायकांना मान नाही ते, दादाच्या आवाजात म्हणावं तितक्या मोठ्यानं म्हटलं, "होय महाराजा!"