साडेचारशेचा आरसा

साडेचौदा हजार. शोरूमवाल्याने हा आकडा सांगितला की माणूस आधी फुटक्या आरशाकडे बघतो, मग शोरूमवाल्याकडे, आणि मग गुपचूप जळगावातल्या पिंप्राळ्याचा रस्ता धरतो. कारण शोरूममध्ये गाडीच्या बाजूच्या आरशाची नुसती काच मिळत नाही. काचेबरोबर ती फिरवणारी मोटार, तिचा दिवा, तिचं रंगीत टोपण असं अख्खं बिऱ्हाड विकत घ्यावं लागतं. मग तुमची मोटार आणि दिवा धडधाकट का असेनात. पिंप्राळ्यात मात्र हुस्नबानो बसते. ती नुसती काच बसवते आणि साडेचारशे रुपये घेते. चारशे चाळीस दिलेत तर दहाची आठवण करून देते, आणि ती आठवण शेजारच्या चहावाल्यालाही ऐकू जाते.

हे काम तिच्या नवऱ्याचं, अमीनचं. खिडक्यांच्या काचा, तसबिरी, कपाटाचे आरसे, जे म्हणाल ते तो कापायचा. सहा वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तरी गडी ऐकेना. एक दिवस काच कापायची हिरकणी घसरून स्वतःचाच तळवा फाडून बसला, तेव्हा हुस्नबानोने ती हिरकणी त्याच्या हातातून काढून घेतली ती घेतलीच. तोवर वीस वर्षं ती काचा पुसत होती, चौकटीत लांबी भरत होती आणि अमीनच्या चुका झाकत होती. यातलं शेवटचं अमीन अजून कबूल करत नाही.

मोहल्ल्यात कुजबुज झाली. बाईमाणूस भर रस्त्यात टपरीवर बसून काच कापणार? हुस्नबानोने एकदाच विचारलं, "आमची चूल पेटवायला तुमच्यातलं कोण येणार आहे?" कोणी आलं नाही. विषय संपला.

गाडीच्या आरशाबाबत मात्र तिचा एक हट्ट होता. या आरशाची काच जराशी फुगीर असते. ती गोष्टी लहान दाखवते, पण रस्ता जास्त दाखवते. गावात कितीतरी जण तिच्या जागी कपाटाच्या आरशाचा सपाट तुकडा चिकटवून शंभर रुपयांत गिऱ्हाईक वाटेला लावतात. त्यात चेहरा छान दिसतो आणि शेजारून येणारा मोटारसायकलवाला दिसत नाही. हुस्नबानो भंगारातून ट्रकचे, बसचे फुटके आरसे आणायची, त्यांतली फुगीर काच निवडायची आणि कागदाचा साचा ठेवून कापायची. टपरीसमोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर तिने चुन्याचे दोन पट्टे ओढले होते. काच बसली की गाडी ठरलेल्या जागी भिंतीकडे पाठ करून उभी करायची आणि मालकाला आत बसवून विचारायचं, आरशात किती पट्टे दिसतात? दोन दिसले तर पैसे. एकच दिसला तर काच काढून दुसरी.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ललित आला. प्लॉट विकण्याचा धंदा, पांढरी नवी गाडी, आणि उजव्या बाजूचा आरसा कुठल्याशा खांबाने खाल्लेला. हुस्नबानोने काच बसवली. ललितने दोन्ही पट्टे मोजले, चारशेच देऊ का म्हणून पाहिलं, आणि मग मुकाट्याने साडेचारशे दिले.

"उद्या संध्याकाळपर्यंत पाणी लावायचं नाही," तिने बजावलं. "गोंद अजून ओला आहे."

"उद्या पूजा आहे, आपा. गाडी धुवावी लागेल."

"मग उजवी बाजू सोडून धू. देव काही उजवीकडून बघणार नाही."

ललित हसला आणि गेला.

पंधरा दिवसांनी तो परत आला. हातात सफरचंदांची पेटी. शोरूमच्या भावावर रडून साडेचारशेला काम करून घेणारा माणूस फळं घेऊन येतो म्हणजे काहीतरी शिजतंय, हे हुस्नबानोला पेटी खाली ठेवायच्या आतच कळलं.

त्याने सांगितलं ते असं. पारोळ्याजवळ उजवीकडे वळताना मागून येणारी मोटारसायकल त्याला दिसली नाही. मोटारसायकलवर चुडामण म्हणून मार्केट यार्डातला हमाल होता. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. घरचे पोलिसांत जायच्या आधी आपसात बसून बघू म्हणत होते. शुक्रवारी बैठक होती.

"मग माझ्याकडे काय काम?" हुस्नबानोने विचारलं.

ललितने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "यावर सही हवी. आरसा तुम्ही बसवला आणि चुकून सपाट काच लागली, एवढंच. गरीब बाईची चूक म्हटल्यावर तुमच्याकडे कोणी काही मागणार नाही, आणि मीही थोडक्यात सुटेन. तुम्हाला पाच हजार देतो. आत्ता, रोख."

हुस्नबानो उठून सरळ गाडीकडे गेली, दार उघडून आत बसली. गाडी ठरलेल्या जागीच उभी होती, पण आरशात भिंतीवरचा एकच पट्टा दिसत होता. खाली उतरून तिने काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड खडबडीत, घासायचेसुद्धा कष्ट घेतलेले नाहीत.

"ही माझी काच नाही."

ललितने इकडेतिकडे पाहिलं आणि मग कबूल केलं. खंडेनवमीला सकाळीच त्याने गाडी धुवायला दिली होती. पंपाच्या पाण्याने काच निसटून फुटली. पूजेला आरसा फुटलेला कसा चालेल? म्हणून हायवेवरच्या एका टपरीवर घाईत शंभर रुपयांत दुसरी लावून घेतली, वर झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडला.

पाच हजार. खोटं कशाला सांगायचं, हुस्नबानोला ते पैसे हवे होते. अमीनच्या गोळ्या दोन महिने निघाल्या असत्या. टपरीचा पत्रा गळत होता. खुर्चीवर बसलेल्या अमीनने सगळं ऐकलं होतं. थरथरते हात मांडीखाली दाबून तो हळूच म्हणाला, "ले ले ना, बानो. कागज ही तो है."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला त्याचा भयंकर राग आला. यानेच तिला शिकवलं होतं की काच खोटी कापली तर पुन्हा जोडता येत नाही. आणि हाच आता कागज ही तो है म्हणतो! मग राग ओसरला आणि वाईट वाटलं. माणूस आजाराने नाही, औषधाच्या खर्चाने वाकतो, हे ती रोज बघत होती. पण तिने आजवर एकही सपाट काच बसवली नव्हती, आणि जे केलं नाही ते केलं म्हणून लिहून द्यायला तिचा हात धजत नव्हता. पिंप्राळ्यात तिच्याकडे दुसरं होतं काय? टपरी भाड्याची, पत्रा गळका. तिचं म्हणावं असं फक्त तिचं काम.

"पेटी उचल," ती ललितला म्हणाली. "आणि कागद फाड."

ललितचा आवाज बदलला. "आपा, जळगावात मला सगळे ओळखतात. ही टपरी रस्त्यावर आहे, विसरू नका. एक फोन केला तर उद्या इथे नुसता रस्ता राहील."

"कर की फोन. नंबर नसेल तर मी देते. आणि ज्याला ज्याला ओळखतोस त्याला हेही सांग की बानोने सही दिली नाही."

चहावाला किटली हातात घेऊन ऐकत उभा होता. ललितने पेटी उचलली.

गोष्ट इथे थांबायला हरकत नव्हती. पण शुक्रवारी सकाळी हुस्नबानोने पकड, पातळ पट्टी आणि एक फुगीर काच पिशवीत टाकली आणि पारोळ्याची एसटी धरली. सही नसली म्हणून काय झालं, हा माणूस तोंडाने तेच सांगणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आपल्या पाठीमागे कोणी आपल्या नावाची राख करत असताना टपरीवर बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मार्केट यार्डात पत्ता विचारत ती पोचली तेव्हा चुडामणच्या अंगणात आठ-दहा माणसं बसली होती. चुडामण खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. त्याची बायको तानुबाई दाराला टेकून उभी. मध्ये गल्लीतले जुने जाणते तोताराम नाना. ललित बोलतच होता, "...जळगावची एक बाई आहे, तिने आरसा चुकीचा..." आणि फाटकात ती बाई उभी.

तोताराम नानांनी तिला बसायला सांगितलं आणि सगळं खरं काय ते विचारलं. "बाई, बठ्ठं खरं सांग. हाऊ आरसा तूच बसाडा का?"

"नाही," हुस्नबानो उभ्यानेच म्हणाली. मग तिने पट्ट्यांपासून झेंडूच्या हारापर्यंत सगळं सांगितलं. कोणाचा विश्वास नसेल तर गाडी बाहेरच आहे, म्हणाली. दोन माणसांना गाडीच्या मागे अंगणाच्या दोन टोकांना उभं केलं, नानांना ललितच्या जागी बसवलं. नानांना एकच माणूस दिसला. मग तिने पिशवीतून आपली एक फुगीर काच काढून त्याच आरशावर धरली. नानांना दोन्ही दिसले, वर गोठ्यातली म्हैसही दिसली.

त्यापुढे फार वेळ लागला नाही. दवाखान्याचा सगळा खर्च आणि चुडामण उभा राहीपर्यंतची मजुरी ललितने द्यायची ठरली. ललितने मान खाली घालून होकार दिला.

तानुबाईने हुस्नबानोपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "इतली दूर उनी, माय. तुले यामा काय भेटनं?"

"माझं होतं तेच परत मिळालं," हुस्नबानो म्हणाली आणि घटाघटा पाणी प्यायली.

मग ती उठून गाडीकडे गेली. ललित धावत आला. "हात लावू नका गाडीला!"

"काढ बाई, काढ," नाना मागून म्हणाले.

तिने पट्टी काचेखाली सरकवली, पकडीने एक झटका दिला. सपाट काच अख्खी निघाली. ती तिने ललितच्या हातात दिली. आरशाच्या जागी काळं प्लास्टिक तेवढं उरलं.

"आता मला मागचं दिसणार कसं?" ललित ओरडला.

"मान वळवून बघ. खोटा आरसा असला की माणूस मान वळवत नाही. त्यापेक्षा नसलेला बरा."

ललितने तिला जळगावला सोडतो असं काही म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी ती बसली नसती. ती एसटी स्टँडकडे चालू लागली. मागून पांढरी गाडी आली. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. ललितने खिडकीतून खांद्यापर्यंत अंग बाहेर काढलं, मागे वळून रस्ता नीट पाहिला, एका सायकलवाल्याला पुढे जाऊ दिलं, आणि मगच गाडी वळवली.