एका डोळ्याचे गणपती

धर्माकाकांना माझ्या रामवाडीच्या दवाखान्यात आणलं, ते चौथ्या चष्म्यानंतर. तोवर नजर उतरवून झाली होती, ब्रश बदलून झाले होते. डॉक्टर हा शेवटचा उपाय असतो, हे मला एवढ्या वर्षांत पाठ झालंय.

काका जोहे गावचे मूर्तिकार. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करावी तर त्यांनीच. मुलाने मोबाइलवर फोटो दाखवला. फळीवर गणपतींची रांग, आणि प्रत्येकाचा एकच डोळा आखलेला. काका एक डोळा संपवून सरळ पुढच्या मूर्तीकडे वळत होते. आतापासून आखणी दुसऱ्याकडे देतो, असं मुलगा त्यांच्यासमोरच म्हणाला. काका मान खाली घालून बसले होते.

नजर ठीक. हात स्थिर. मधुमेह जुना, गोळ्या चालू. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या टेस्टचा आकडा बघून मात्र मीच सावरून बसले. पनवेलला पाठवून एमआरआय काढला. मेंदू वयाच्या मानाने आक्रसलेला, आत बारीक पांढरे ठिपके. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. मग दिसतं सगळं, पण करता करता कामातली एखादी पायरी निसटते.

मुलाला पटेना. साखर पायाला लागते एवढं त्याला ठाऊक होतं. डोकंही त्याच माणसाला जोडलेलं असतं, असं मी त्याला सांगितलं.

काकांनी सरळ विचारलं, "शाडू वाळून आक्रसतो, तसा? मग पाणी लावून सांधता नाय येनार?"

"नाही काका. आणखी वाळू नये, एवढं बघता येईल."

मला फार वाईट वाटलं.

पथ्य विचारलं. चहा बिनसाखरेचा, भात कमी, गोड बंद. आदर्श पेशंट! मग साखर येते कुठून? ते सुमनकाकूंनी, त्यांच्या बायकोने सांगितलं. मूर्ती बुक करणारा प्रत्येक जण काकांना पेढा भरवतो. न्यायला आला की पुन्हा भरवतो. आणि इथले मूर्तींचे कारखाने बारा महिने चालतात.

"तो परसाद हाय, बाई," काका म्हणाले. "त्याला नाय कसा म्हणू?"

प्रसादाची साखर रक्तात उतरत नाही, हा धडा आमच्या अभ्यासक्रमात राहून गेला असावा.

मी औषधं बदलली. उरलेला इलाज सुमनकाकूंनी केला. आखणी हेच करतील, मी बाजूला बसते, असं त्यांनी मुलाला बजावलं. गिऱ्हाइकांना सांगितलं, पेढा मूर्तीच्या उंदरापुढे ठेवायचा. काकांची साखर हळूहळू जागेवर आली. मेंदू आला नाही. तो येत नसतो.

यंदा आमची मूर्ती आणायला गेले, तेव्हा तिचीच आखणी चालली होती. उजवा डोळा झाला, अगदी जिवंत. काकांनी ब्रश पुसला आणि पुढची मूर्ती ओढली.

"अवो, दुसरा," काकू म्हणाल्या.

"झाला की."

काकूंनी वाद घातला नाही. आमची मूर्ती परत त्यांच्यासमोर वळवली. काका तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले, मग त्यांनी ब्रश पुन्हा रंगात बुडवला.

मी आणलेले पेढे मुकाट्याने उंदरापुढे ठेवले. त्याची साखर अजून कोणी तपासलेली नाही.