उंबऱ्यावरचा हात

नव्या ताडपत्रीचा वास आला की मला आमच्या झरी गावातले भूकंपाचे दिवस आठवतात. धक्क्यांना घाबरून अख्खा पाडा अंगणात ताडपत्रीखाली राहायचा. दादा फौजेतून सुट्टीवर आला होता.

एका दुपारी मी तांदूळ आणायला घरात गेले, दादा माझ्या मागोमाग आला. तेवढ्यात जमिनीखालून धडाम आवाज झाला. अंगणातून सगळे ओरडले, "बाहेर पळा!" दादाने मात्र मला दारातच खाली पाडलं आणि माझ्या अंगावर पडला.

"उठू नको! तोफेचे गोळे पडतायत!"

कौलं घसरत होती. "सोड, घर पडेल!" म्हणत मी त्याला बुक्क्या मारत होते. जमीन थांबली, तरी तो थरथरतच होता.

फौजी भूकंपाला भ्याला, असं मी पुढे पाडाभर हसून सांगितलं. माझं डोकं उंबऱ्यावर आपटू नये म्हणून त्याने मध्ये हात घातला होता, हे मात्र कुणालाच सांगितलं नाही.